आधी माणूस, मग झुंबर

वायरमनची एक खोड होती. कुणाच्याही घरी जड दिवा टांगायचा असला की स्लॅबमध्ये हुक बसवून झाल्यावर हा त्यात दोर ओवायचा, झोका करायचा, आणि स्वतः त्यात बसून दोन्ही पाय उचलायचा. घरमालक हसायचे. हा म्हणायचा, "आधी मी, मग तुमचा दिवा."

आणि स्वतःच्या घरी? घरी काय, चालतंय की! घाईघाईत भोक पाडलं, लाकडाचा तुकडा ठोकला, त्यात स्क्रू पिळला, झालं काम. गेल्या वर्षी तो दिवा धाडकन खाली आला. दाराची बेल वाजली म्हणून बायको नुकतीच जेवणावरून उठली होती, म्हणून वाचली. तिच्या खुर्चीत काचांचा खच पडला होता. तेव्हापासून या गड्याने ड्रिलला हात लावला नाही. गुडघे दुखतात, नजर कमी झाली, सबबींना काय तोटा!

बायको वस्ताद. तिने परस्पर दुकानातून पितळेचं झुंबर आणलं, उचलायला दोन माणसं लागली.

"कुणाला तरी बोलावू," तो म्हणाला.

"बोलवा की. वायरमनच्या घरी दुसरा वायरमन. गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

शेवटी रविवारी ड्रिल निघालं. पहिल्याच भोकाला आत सळई लागली. त्याने वीतभर सरकून नवी भोकं घेतली, फुंकून धूळ काढली आणि हुकाची जाड पट्टी चार फास्टनरांनी कचकचून आवळली.

"पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसताय," बायको म्हणाली. तो हसला नाही. दोर ओवून झोक्यात बसला, पाय उचलले. हुक जागचा हलला नाही. तरी उतरल्यावर म्हणाला, "उद्या लावू."

"का? हुक हलला?"

"नाही."

"मग?"

तो ड्रिल पुसत बसला. बायकोने चपला काढल्या आणि सरळ जाऊन झोक्यात बसली.

"अगं, ऊठ! तू नको!" तो हात पसरून धावला.

"तुम्ही बसलात ते चाललं?"

"माझं सोड. मी पडलो तर पडलो," तो म्हणाला. "त्या दिवशी तू खुर्चीत असतीस तर? लोकांच्या घरी स्वतः लटकून बघितलं, आणि तुझ्या डोक्यावर लाकडाचा एक तुकडा ठोकून मोकळा झालो. झोप लागत नाही गं मला."

वर्षभर आत कोंडलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "शेजारीच झोपते ना मी."

आणि तिने दोन्ही पाय उचलले.

दोर करकरला. तो वर हुकाकडे बघे, खाली तिच्याकडे बघे. पसरलेले हात तसेच.

"हात खाली घ्या आता," ती म्हणाली. "आणि मागे या. एक झोका द्या."

तो मागे गेला. तिच्या पाठीवर तळवा टेकवला. त्याने भीतभीत जरासं ढकललं.

"जेवला नाहीत का?"

मग मात्र त्याने चांगला झोका दिला, आणि ती खुदकन हसली. झुंबर लागायला त्या दिवशी संध्याकाळ झाली, कारण बायको उतरायलाच तयार नव्हती.