टोमॅटोतलं पाणी गेलं कुठं

थोरल्या जावेची सगळी नोकरी पोस्टात, पार्सलच्या खिडकीमागे गेली. समोरून पुडकं यायचं, ती ते काट्यावर ठेवायची, शिक्का मारायची आणि पुढे ढकलायची. तिच्या काट्यावरून गेलेलं एकही पुडकं वाटेत हलकं झालं नाही. झालं असतं तर वाटेतल्या माणसांची धडगत नव्हती. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी तिला भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. ती म्हणाली, "घड्याळ नको. वेळ कुणालाही कळते. काटा द्या."

तो काटा तिच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली बसला, आणि घरात शिरणारी प्रत्येक वस्तू त्याच्यावर बसून मगच पुढे जाऊ लागली. तिचा नवरा, म्हणजे थोरले दादासुद्धा.

धाकट्या जावेला नाद होता भाज्या वाळवण्याचा. तिच्याकडे लहान कपाटाएवढा एक ड्रायर होता, आत जाळीचे ट्रे, मागे पंखा. गाजर, कोबी, सेलरी, मशरूम, जे हाती लागेल ते एकसारखं पातळ कापायचं, ट्रेवर पसरायचं, ट्रे मधूनमधून खालीवर करायचे, तुकडा बोटांत कडकन मोडला की काढायचं आणि पुरतं गार झाल्यावर बरणीत भरायचं. बरणी पुढे काही दिवस हलवून बघायची. काचेला आतून दव धरलं की भाजी परत ट्रेवर. नाही धरलं तर दळायची, मीठ-मिरी मिसळायची, झाला सूपचा मसाला. कांदा मात्र शेवटी आणि एकटा. पहिल्या खेपेला तिने तो सगळ्यांबरोबर वाळवला होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा कोट ऑफिसात गेला तसा शेजारच्या टेबलावरचा कारकून ढसाढसा रडायला लागला, आणि घरी काहीतरी वाईट घडलंय असं समजून साहेबांनी त्याला रजा दिली.

घर दोन भावांचं. मधोमध भिंत, भिंतीत एक दार, आणि दार सदा उघडं. त्या दारातून धाकटीकडे साखर यायची, वर्तमानपत्र यायचं आणि टोमणे यायचे. साखर दुकानात मिळते, वर्तमानपत्रही मिळतं. धाकटीचा नवरा मितभाषी. दुपारभर भाजी चिरताना दाराच्या पलीकडून "काय गं, गाजर चिरतेस का लाकूड फोडतेस?" असं कुणी विचारलं नाही, तर तिला गाजर नीट चिरताच येत नसे.

त्या साली थोरलीच्या परसात टोमॅटोंना ऊत आला. लोणी फासल्यासारखे तुकतुकीत, लाल, आणि रोज नवे. तिने एक टोपलं भरून काट्यावर ठेवलं. बरोबर बारा किलो. ते दारातून पलीकडे ढकलत ती म्हणाली, "घे. वाळव. बघू तरी तुझं कपाट काय दिवे लावतं."

बाहेर धुळीचा वारा सुटला होता, म्हणून धाकटीने खिडक्या लावून घेतल्या आणि कामाला लागली. ड्रायर रात्रंदिवस घुमला. टोमॅटो वाळले, कडकन मोडले, दळले गेले. एका बरणीत बसले. धाकटीने बरणीला कागदाचं लेबल लावलं आणि दारातून पलीकडे नेऊन दिली.

थोरलीने बरणीचं वजन वगळून भुकटी तोलली. पाऊण किलो. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा तोलली. पाऊण किलोच.

"बाकीचं?"

"ताई, बाकीचं पाणी होतं."

"बरं. पाणी तर पाणी," थोरली शांतपणे म्हणाली. "सव्वाअकरा किलो पाणी. कुठंय?"

धाकटी हसली. थोरली हसली नाही, तेव्हा धाकटीनेही हसणं आवरतं घेतलं.

"अहो ताई, ते उडून गेलं."

"कुठे उडून गेलं?"

"हवेत."

"कुणाच्या हवेत?"

आता खिडक्या बंद होत्या, ही गोष्ट खरी. म्हणजे हवा धाकटीचीच. थोरलीने मान डोलावली. पोस्टाच्या खिडकीपलीकडून "आत फक्त कपडे आहेत" म्हणणाऱ्या लोकांकडे बघून ती अशीच मान डोलवायची.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती म्हणाली. "रविवारपर्यंत शोध. नाहीतर गवंड्याला सांगते, दार बुजवून टाक. जिथे वजन जुळत नाही तिथे मला ये-जा नको."

"अगं, पाण्यावरून दार बुजवतात का कुठे?" दादा म्हणाले.

"तुम्ही काट्यावर चढा," थोरली म्हणाली, आणि दादांचं मत तिथेच संपलं.

धाकटीने घर धुंडाळायला घेतलं. आणि खोटं कशाला बोला, पाणी होतं. मिठाच्या बरणीत मिठाऐवजी समुद्र होता. काडेपेटीतल्या काड्या वाकून एकमेकींच्या कानाशी लागल्या होत्या. वर्तमानपत्र इतकं मऊ पडलं होतं की नवऱ्याने त्याची घडी घालून तोंड पुसलं. टेबलाचा खण फुगून आतला चमचा कैद झाला होता. चपलांच्या फळीवर अळंबी उगवली होती, ती धाकटीने लगेच कापून ट्रेवर टाकली. सकाळी स्वयंपाकघरात छताखाली एक छोटा ढग जमायचा. दादा चहाला यायचे ते छत्री घेऊन, आणि कप छत्रीखाली धरून प्यायचे, चहा पातळ होऊ नये म्हणून.

नवराबायकोने बादली घेतली. पडदे पिळले, उशा पिळल्या, गादी दोघांनी दोन टोकांना धरून पिळली. खिडक्यांच्या काचा फडक्याने टिपून फडकं पिळलं. ढगाला नवऱ्याने स्टुलावर चढून टॉवेलात गुंडाळलं आणि निथळून घेतलं. शनिवारी संध्याकाळी भरली बादली दारातून पलीकडे गेली.

थोरलीने रिकाम्या बादलीचं वजन वजा केलं. "अकरा किलो. पाव किलो कमी."

धाकटीचा चेहरा पडला. "ताई, पाव किलोच तर..."

"पार्सलातलं पाव किलो गेलं तर लोक पाव किलोच गेलं म्हणतात का? पार्सल फुटलं म्हणतात."

नवऱ्याने आठवडाभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. "वहिनी, ते बहुतेक माझ्या सर्दीत असेल," असं म्हणून त्याने खिशातला रुमाल पुढे केला.

"भाऊजी, ते तुमच्याकडेच ठेवा," थोरली म्हणाली.

रविवारी सकाळीच गवंडी आला. विटा, वाळू, सिमेंट, घमेलं, थापी, सगळा सरंजाम दारात उतरला. धाकटीने त्याला हळूच विचारलं, "मिस्त्री, आज नाही केलंत तर नाही का चालणार?"

"बाई, मला भिंत सांगितलीय. भांडण सांगितलं नाही," गवंडी म्हणाला आणि ओळंबा सोडला.

पहिला थर झाला, दुसरा झाला. धाकटी आपल्या बाजूला गाजर घेऊन बसली होती, पण सुरी हलेना. भिंत गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली. पलीकडे थोरली उभी होती.

"काय गं, गाजराकडे बघतेस काय? ते काही आपणहून सोलून घेणार नाही."

धाकटीने मुकाट्याने सोलायला घेतलं. भिंत छातीपर्यंत आली. थोरली टाचा उंचावून म्हणाली, "जाड कापतेयस. मधे ओलं राहील." भिंत गळ्यापर्यंत आली. थोरलीने स्टूल ओढलं, वर चढली आणि म्हणाली, "आणि ट्रे आधी पुसून घे. कालची अळंबी अजून चिकटलीय."

"पुसते, ताई." धाकटीला डोळे पुसायचे होते, पण घरात आणखी ओल नको म्हणून तिने ते तसेच ठेवले.

"आणि ती बादली कुठंय माझी? अकरा किलोवाली?" थोरली स्टुलावरून इकडेतिकडे बघायला लागली. "झाकून ठेवते. तीही उडायची."

बादली घमेल्याशेजारी होती. रिकामी.

"मिस्त्री, यातलं पाणी?"

"सिमेंट कालवलं," गवंडी म्हणाला. "नळ लांब पडतो."

"सगळं?"

"थोडं कमी पडलं. पाव किलोभर."

थोरली स्टुलावर तशीच उभी राहिली. पार्सलच्या खिडकीमागे अवघड पुडकं आलं की ती अशी उभी राहायची, आणि मग रांगेतल्या कुणाची खोकायची छाती होत नसे. तिने भिंतीच्या माथ्यावर बोटांनी जाडी मोजली.

"म्हणजे माझं पाणी या भिंतीत."

"हो ताई."

"आणि भिंत अर्धी माझ्या बाजूला, अर्धी तुझ्या."

"हो ताई."

"म्हणजे साडेपाच किलो पुन्हा तुझ्याचकडे गेलं."

धाकटीने सुरी खाली ठेवली. आयुष्यात एखाद्याच वेळी माणसाला कधी काय बोलावं हे कळतं. "हो ताई," ती म्हणाली. "आणि एकदा का सुकलं, की मग मला ते परत देता यायचं नाही."

"मिस्त्री," थोरली म्हणाली, "पाडा."

गवंड्याने एकदा या जावेकडे पाहिलं, एकदा त्या जावेकडे, आणि थापीने वरची वीट उचकटली. ओलं होतं तोवर सगळं सुटसुटीत निघालं. थोरलीने प्रत्येक वीट लगद्यासकट काट्यावर ठेवली आणि परसात टोमॅटोंच्या वाफ्याशेजारी मांडली. दुपारी ऊन आलं आणि विटा सुकल्या. ते पाणी कुठे गेलं हे धाकटीला माहीत होतं. तिने सांगितलं नाही.

पण थोरलीचा धडा पक्का झाला होता. संध्याकाळी तिने दोघा भावांना बोलावून ड्रायर उचलायला लावला आणि नेमका दाराच्या चौकटीत ठेवला. पुढचं अर्धं कपाट इकडे, मागचं अर्धं तिकडे. आता जे उडेल ते सारखं उडेल.

तेव्हापासून दार बंद होत नाही, करायचं म्हटलं तरी. धाकटी एका बाजूने ट्रे आत सरकवते, थोरली ड्रायरवरून वाकून त्यावर बोट फिरवते आणि म्हणते, "जाड." धाकटी मग तेवढी एक चकती खाऊन टाकते. दोन्ही भावांना मात्र एकमेकांकडे चहाला जायचं तर रस्त्याने वळसा घालून जावं लागतं. दादा अजून छत्री नेतात.