चार वाजताचा मेसेज

“मी बटण दाबलंच नाही,” रामस्वामी राव तिसऱ्यांदा म्हणाले.

“पण काका, मेसेज तुमच्याच फोनवरून गेलाय. ‘आज शिकवणी नाही.’ नऊ दिवस, रोज चार वाजता.” वाणी त्यांची पुतणी; शिकवणीचं ॲप तिनंच बनवलेलं. सुट्टी द्यायची असली तरच बटण दाबायचं, की पालकांना मेसेज जायचा.

रावांना काही उमजेना. दक्षिणेतल्या त्यांच्या गावात, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या पाच मुलांना ते मराठी लिहाय-वाचायला शिकवत. घरी मराठी कानावर पडणारी, पण अक्षर न ओळखणारी मुलं. नऊ दिवसांत एकही आलं नव्हतं. परीक्षा असेल, असं ते धरून चालले होते.

“चारला तुम्ही काय करता?”

“काय करणार? फोन चार्जरला लावतो. पाचला पाठ ऐकवताना बंद पडू नये म्हणून.”

वाणीनं कपाळाला हात लावला. “अय्यो! काका, फोन स्वतःही बोलतो. चार्जर लागला, बॅटरी उतरली, की ॲपना हाक देतो. ती सिस्टिमची हाक. तुम्ही बटण दाबलं की माझं ॲप हाक देतं, ती आपली. चार्जर लागला की नवे पाठ फोनवर उतरवायचे होते, म्हणून नऊ दिवसांपूर्वी दोन्ही हाका ऐकायला मी एकच जण बसवला. हाक कुणाची, ते बघायला सांगितलंच नाही. चार्जरची हाक आली तरी तो सुट्टीचा मेसेज धाडतो.”

“फोनमध्ये कोण बसलाय?”

“कोडमधला हो, काका.”

राव म्हणाले, “म्हणजे रस्त्यावर आइसवाल्यानं घंटा वाजवली आणि शिपायानं मुलांना घरी सोडलं.”

“तसंच.” वाणीचा चेहरा उतरला.

“त्यात काय? खोडून परत लिही.”

तिनं लिहिलं. चार्जर लावून पाहिला. मेसेज गेला नाही. तरी फोनकडे संशयानं पाहतच रावांनी चपला घातल्या.

शिकवणीतल्या हरिणीच्या आईनं दार उघडलं. “या सार! बरं आहे आता? रोज मेसेज यायचा, त्रास नको म्हणून विचारलं नाही. हरिणीला पाचच्या हिंदी क्लासात घातलं.” मग हळूच, “वाणीचं ॲप बिघडलं होतं का?”

“नाही मा. मीच पाठवत होतो.”

हरिणी आईमागून पाहत होती.

“पाचला हिंदी, तर सहाला ये,” राव तिला म्हणाले.

“बघते सार,” आईच बोलली.

राव पायऱ्या उतरले. पुढच्या दारातही त्यांनी तेच सांगितलं, “मीच पाठवत होतो.”