हाताला लागलं होतं

साहेब, परीक्षेच्या गाडीच्या इंजिनाचा तो पट्टा तुम्हीच चुकीचा बसवलात. मुद्दाम. वर पांढऱ्या रंगाने खोटी खूण ओढलीत, बघणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ जावी म्हणून. हातात शिक्का आहे म्हणून तुम्हाला परीक्षक म्हणायचं, एवढंच.

वहिनीला सगळे वहिनीच म्हणत. नवरा गेला तरी त्याचं गॅरेज तिने बंद पडू दिलं नव्हतं. पण परवाना नवऱ्याच्या नावावर होता, आणि तो त्याच्याबरोबरच गेला. परवान्याची परीक्षा पास झाली तर गॅरेज तिचं. नाहीतर धाकट्या दिराचं. त्याला साधा नट सोडवता येत नव्हता, पण परवाना होता. याच साहेबांनी दिलेला. हा दीरच तिला स्कूटरवरून परीक्षेला घेऊन आला होता आणि आता शेडच्या दाराशी दात कोरत उभा होता.

तिच्या आधी एक मिशीवाला होता. त्याने पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघितलं आणि मान हलवली.

"टायमिंगचा पट्टा सरकलाय. मी चालू करणार नाही."

"मी सांगतोय ना, कर चालू."

"वाट लागेल इंजिनाची."

"मग तुझी लावतो. नापास! आत्ताच ऐकत नाहीस, उद्या गिऱ्हाइकाचं काय ऐकशील?"

मिशीवाला पाना आपटून निघून गेला.

वहिनी पुढे झाली. पट्टा ज्या दोन दातेरी चाकांवरून फिरतो, त्यातल्या खालच्या चाकाची खूण जुळत होती. वरच्याचीही जुळत होती, जरा जास्तच छान. रंग अजून बोटाला चिकटत होता. नवरा म्हणायचा, खुणांवर जाऊ नकोस, हाताला विचार. पट्टा बसवला की इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, आणि आत काही अडल्यासारखं हाताला लागलं की थांबायचं. जोर लावायचा नाही, मग कोणी का सांगेना.

तिने पाना लावला. पहिला फेरासुद्धा पुरा झाला नाही. टक्. आत लोखंडाला लोखंड लागलं. ती तिथंच थांबली.

"काय गं बाई, बरोबर की चूक?"

"चूक आहे, साहेब. तीन-चार दात तरी सरकलाय. आतले व्हॉल्व्ह पिस्टनला लागतायत."

"दात मोजतेस काय? माझे मोज." साहेबांनी बत्तिशी दाखवली. "खूण दिसत नाही? चालू कर."

ती हलली नाही. तेवढ्यात दारातून दीर बोलला, "अहो वहिनी, साहेबांशी हुज्जत कसली घालताय? आत्ताच बघितलंत ना त्या मिशीवाल्याचं काय झालं? मारा चावी आणि मोकळ्या व्हा."

बघितलं होतं. म्हणून तर तिने चावी फिरवली.

इंजिनाने एक उचकी दिली. आत काहीतरी कडाकडा मोडलं आणि मग स्टार्टर नुसताच घरघरत राहिला.

"नापास!" साहेबांना जणू पोरगा झाल्याचा आनंद. "पट्टा चुकलाय हे स्वतःच्या तोंडाने बोललीस, तरी चालू केलीस? तुझ्या हातात कोण गाडी देईल गं?"

"पण तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणेन विहिरीत उडी मार. मारशील?"

दीर खो खो हसला. हसता हसताच त्याने हात पुढे केला. "आणा ती गॅरेजची किल्ली. तुमच्या कमरेला उगाच ओझं."

तिने कमरेची किल्ली सोडवून त्याच्या हातावर ठेवली. ते टक् अजून तिच्या तळव्यात होतं. हात चुकला नव्हता. हातावर विश्वास ठेवायचा सोडून ती शिक्क्याला घाबरली, एवढंच चुकलं होतं. स्कूटरवर परत बसायला तिने नकार दिला, तर दीर म्हणाला, "चाला मग. सवय करा."

साहेब, मिशीवाल्याने ऐकलं नाही, त्याला नापास केलंत. वहिनीने ऐकलं, तिलाही केलंत. मग त्या गाडीपुढे उभं राहून पास व्हायचं तरी कसं? तुमच्याच शेडमध्ये तुमच्याच हातून तिचा दीर पास झाला होता ना? त्याने तेव्हा काय केलं होतं?

शिक्का खाली ठेवा आणि बोला. काय केलं होतं त्याने?