सात नव्वे चौसष्ट

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे आणि फिरून फिरून आता दमलो आहे. फिरणं हे माझं कामच. पण ते एका जागी बसून, घरोघर हिंडून नव्हे!

उल्हासनगरच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. बदलापूरच्या रामभाऊंनी मला घरी नेलं. त्यांच्या पत्नी कुंदाबाई शाळेत शिकवायच्या. त्या वह्या तपासायला बसल्या, की पानं उडू नयेत म्हणून रामभाऊ माझं तोंड भिंतीकडे वळवत. माझी जाळी तुटली तेव्हा त्यांनीच ती तांब्याच्या तारेने बांधली. पुढे रामभाऊ गेले. ती तार मात्र राहिली. बाई ती रोज पुसायच्या.

एकदा बाई लेकीकडे गेल्या होत्या. तेव्हा त्यांच्या मुलाने, सुयोगने मला केबलवरच्या 'जिंकेल तो सुटेल' या कार्यक्रमात नेलं. तिथलं बक्षीस अजबच होतं. प्रत्येकाने घरातली अडगळ आणायची. जिंकणारा मोकळ्या हाताने घरी जाणार आणि हरणाऱ्याने सगळ्यांची अडगळ उचलायची! सुयोग जिंकला. मी परक्या घरी गेलो.

हरणारा मला नेई आणि पुढच्या आठवड्यात परत घेऊन येई. अशी सात घरं झाली. निवेदक सनी मला 'आजोबा' म्हणे, लोक खदखदून हसत. मला त्यांच्या हसण्याचाही कंटाळा आला होता.

इकडे बाई चॅनेलवाल्यांना रोज फोन करत होत्या. "नियम म्हणजे नियम. कार्यक्रमात या," एवढंच उत्तर मिळे. शेवटी एक दिवस त्या फुटका कुकर घेऊन खरंच आल्या. मला घरी नेण्याचा एकच मार्ग होता, हरण्याचा.

पहिले चार प्रश्न बाई चुकल्या. सनीला दया आली.

"कुंदाताई, एकदम इझी देतो. सात नव्वे किती?"

तीस वर्षं त्यांनी पोरांकडून पाढे घोटून घेतले होते. प्रेक्षकांतून त्यांची जुनी विद्यार्थिनी वैष्णवी ओरडली, "बाई, असं काय करताय? तुम्हीच शिकवलंय ना!"

बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर माझ्या तारेवर होती.

"चौसष्ट," त्या म्हणाल्या.

सभागृह हसून लोटपोट झालं. बाईंचे कान लाल झाले. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

आता मी पुन्हा त्यांच्या टेबलावर आहे. सुयोग आईच्या नजरेला नजर देत नाही. मित्रांनो, घरातली जुनी वस्तू बाहेर काढण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला एकदा विचारत जा. एवढंच मागणं आहे.

गल्लीतली पोरं अजून खिडकीखालून "चौसष्ट! चौसष्ट!" ओरडत जातात. तेव्हा मी दमलेला असलो तरी जोरात खडखडतो, बाईंना ते ऐकू जाऊ नये म्हणून.