सात वर्तुळं

दोरा चार बोटांचा होता. एका टोकाला खडू बांधलेला, दुसरं टोक बाईंच्या अंगठ्याखाली फळ्यावर दाबलेलं. चौथीला जगातले धर्म शिकवताना बाई त्याच दोऱ्याने सात वर्तुळं काढत आणि प्रत्येकात एकेका धर्माचं नाव लिहीत. एरवी त्या विज्ञान शिकवत. मापात कुचराई त्यांना खपत नसे.

आज मागच्या बाकावर चष्म्याचे दुकानदार अंग चोरून बसले होते. बाई आपल्या धर्माला कमी लेखतात, ही त्यांची तक्रार. शेजारी मुख्याध्यापक. हा तास गणिताला दिला की कटकट मिटेल, असं त्यांचं म्हणणं. तशा संमतीचा कागदही त्यांनी बाईंना दिला होता. बाईंच्या सहीवाचून तो दोन महिने खणात पडून होता.

"बाई, मोजू?" दुकानदारांच्याच मुलीने विचारलं. वर्गात तिला सगळे फूटपट्टी म्हणत.

"विचारतेस काय? मोज."

ती पट्टी घेऊन खुर्चीवर चढली. "चौदा. चौदा. आमचं... चौदा."

तिचे वडील मान खाली घालून चष्मा पुसू लागले.

"हे साडेतेरा." शेवटच्या वर्तुळापाशी ती थांबली. "बाई, ह्यांचं का कमी?"

मुख्याध्यापकांनी चटकन बाईंकडे पाहिलं. ते वर्तुळ बाईंच्या स्वतःच्या धर्माचं होतं. बावीस वर्षांत त्यांनी मुलांना त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

आपल्याच धर्माला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तिथे बाईंचा हात नकळत आखडला होता, दोरा सैल राहिला होता. किती वर्षं, कोण जाणे. त्याच धाकाने तो कागदही ना सही करून, ना नाकारून खणात राहिला होता. आणि ही पोर दुसऱ्याच्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी भांडत होती.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. वर्तुळ पुसून त्यांनी दोरा ताणला, नव्याने काढलं.

"चौदा," मुलगी म्हणाली आणि खाली उतरली.

"घरी आमचीही मापं काढते ही," दुकानदार उठत पुटपुटले. "येतो, बाई."

घंटा झाली. मुलं पांगली. मुख्याध्यापक दाराशी रेंगाळले.

"बाई, तेवढं त्या कागदाचं..."

बाईंनी खणातून कागद काढला आणि सहीची जागा कोरी तशीच त्यांच्या हाती दिला.

"हा तास मी सोडणार नाही, सर."