लडाखचा दगड

लडाखमध्ये खनिजं कशी शोधली, त्याचा इतिहास लिहितोय म्हणे! इंदिरानगरातल्या माझ्या घरी सोफ्यावर बसून हा अश्विन निरभवणे सांगत होता, की तिथल्या तंबूत तो आमच्या ह्यांच्या हाताखाली होता. ह्यांनी आणलेले दगड त्याला बघायचे होते. हे गेल्यावर असाच एक अभ्यासक येऊन चांगले दगड घेऊन गेला, तो आजतागायत फिरकला नाही. आता मी गोड बोलण्याला भुलणार नव्हते.

कुठलाही दगड हाती आला की हे आधी चाटायचे. म्हणायचे, "ओल्या दगडाचे कण नीट दिसतात, सरोजिनी. आम्हा भूवैज्ञानिकांची सगळी जमातच चाटते."

म्हटलं, बघूच याची जमात. बाथरूममधला टाचा घासायचा दगड पुसून आणला. "हा घ्या, लडाखचा."

त्याने तो उजेडात धरला, मग खिशातून रुमाल काढला. सापडला चोर! पण रुमालाने त्याने चष्मा पुसला आणि दगड सरळ जिभेला लावला.

"वहिनी," तो तोंड वाकडं करत म्हणाला, "हा लडाखचा नाही, इथलाच आहे. आणि याला साबणाची चव येतेय."