बारा वर्षांच्या बैलाला दूध पाजा

मित्रांनो, मी एक जुनी तक्रार आहे. चौदा नंबरची. जनावरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर लिहिलं आणि जगाला फुकट वाटलं. आतलं सगळं उघडं ठेवलं. ज्याला जमेल त्यानं चूक दुरुस्त करून पाठवावी. त्यातल्या एका चुकीबद्दल कुणीतरी लिहिलं आणि मी जन्मले.

वाढदिवसाच्या दिवशी ते सॉफ्टवेअर जनावराचं वय शून्य धरायचं. बारा वर्षांच्या बैलाच्या मालकाला निरोप गेला, ‘बाळाला बाटलीनं दूध पाजा.’ माणूस आज्ञाधारक. त्यानं पाजायला घेतलं. बाटली अजून सापडलेली नाही.

माझ्या पाठीवर शेकडो तक्रारी आल्या, पण मदतीला कुणी टिकेना. कुणी दुरुस्ती पाठवली की बाई ‘छान हं’ म्हणायच्या आणि सगळं पुसून आपल्या हातानं पुन्हा लिहायच्या. तो माणूस परत फिरकायचा नाही.

“ताई, तुला मदत नकोय, टाळ्या हव्यात,” धाकटा भाऊ म्हणायचा.

“वाकडंतिकडं करतात रे.”

“मग मर एकटी.”

एकदा गाढवानं लाथ घातली आणि बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. कामं तुंबली. “बंदच करते आता,” त्या भावाला म्हणाल्या, आणि वापरणाऱ्या सगळ्यांसाठी त्याच्याकडून निरोपाचं पत्रही लिहून घेतलं.

ते पाठवायच्या आधी माझ्याखाली एका निवृत्त घड्याळजीकाकांनी लिहिलं, ‘मी बघू का? आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला तान्हं ठरवलंय.’

दोन मिनिटांचं काम, तीन आठवडे चाललं. काका शंका लिहायचे, बाई सांगायच्या, भाऊ टाइप करायचा. एकदा काकांच्या हातून सगळ्या म्हशी मांजरी झाल्या. बाई पुसायला शिवशिवणारा डावा हात मांडीखाली दाबून बसल्या. शेवटी दुरुस्ती आली. वाकडी होती, पण चालत होती.

“पुसू?” भावानं विचारलं.

बाईंनी त्याचा हात बाजूला केला. “राहू दे. काकांच्या नावासकट राहू दे.”

माझ्यावर ‘मिटली’ असा शिक्का बसला. काकांनी लगेच पंधरा नंबर मागितला, सोळा नंबरला मेहुण्याला बसवलं. प्लास्टर निघेपर्यंत मदतीला अकरा जण झाले. निरोपाचं पत्र गेलंच नाही.

आता मला फारसं कुणी उघडत नाही. मित्रांनो, नवखं माणूस मदतीला आलं, तर त्याचं वाकडं काम घाईनं सरळ करू नका. माझ्या अगदी तळाशी काकांची ओळ आहे, ‘जमलं की हो, डॉक्टर.’ हे म्हणायचं सुख त्यालाही मिळू द्या.